पाठीवरचा पंजा

साहेब, टाळ्या तुम्ही वाजवल्यात. तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की तुम्ही नावावरून भांडाल आणि मूळ गोष्ट बाजूला पडेल. पण जोगेश्वरीच्या त्या लग्नाच्या हॉलमध्ये गुलाबी फेटा बांधून, पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसून, एका माणसाच्या उघड्या पाठीकडे बघत तुम्ही टाळ्या वाजवल्यात. त्याआधी दीड महिना नंदू रिक्षावाला मेला होता. त्याच्या मृत्यूच्या कागदावर तुमच्या आरोग्य खात्याने ‘हृदयक्रिया बंद’ एवढंच लिहिलं होतं. हृदयक्रिया प्रत्येकाचीच बंद पडते हो मरताना. ती कशाने पडली, हे विचारायला तुम्हाला वेळ नव्हता. फेटा बांधून घ्यायला मात्र होता.

म्हणून ही गोष्ट आधी ऐका. मग बोलू.

रविवारची सकाळ होती. हॉलमध्ये खुर्च्या दोनशे आणि माणसं सहाशे. बाया जास्त. प्रत्येक बाईच्या बाजूला मान खाली घातलेला एक नवरा, वर्गशिक्षकांनी बोलावणं धाडल्यावर पालक येऊन उभे राहतात तसा. आणि स्टेजवर, आईच्या म्हणजे देवीच्या तसबिरीपुढे, दारू सोडवणारे उताराबापू. पांढरं धोतर, हातात सोन्याचं घड्याळ, गळ्याला चिकटवलेला माइक, म्हणजे दोन्ही हात चमत्काराला मोकळे.

“क्वार्टर किती एमएलची?”

“एकशेऐंशी!” हॉल ओरडला. हे उत्तर सगळ्यांना येत होतं.

“आणि आईला किती लागते?”

“थेंब!”

“डॉक्टर काय करतो? तपासतो! आई काय करते? ओळखते! डॉक्टरला रिपोर्ट लागतो, आईला थेंब पुरतो! सोडली रे सोडली...”

“बाटली फोडली!”

खारदांड्याची नमिता तिसऱ्या रांगेत होती. मासळी विकणारी कोळीण, तोंडाने तिखट, हाताला चपळ. या हॉलमध्ये मात्र तिच्या तोंडाला कुलूप. नवरा अनंता स्टेजवर उभा होता, शर्ट काढून, लोकांकडे पाठ करून. आणि त्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या खाली, लालभडक पंजा उमटला होता. पाच बोटं, तळवा, सगळं स्वच्छ. आजूबाजूला गांधीलमाशी चावल्यासारख्या गांधी उठल्या होत्या, त्या कमरेपर्यंत उतरल्या होत्या.

“दिसतोय का आईचा पंजा?” बापूंनी पाठीवर टॉर्च मारला. “हा माणूस म्हणतो, मी प्यायलो नाही. माणूस खोटं बोलतो. कातडी बोलत नाही!”

“मी नाय प्यायलो,” अनंता म्हणाला. आवाज लहान होता, माइक त्याच्याकडे नव्हता.

“सलग तिसरा रविवार! तीन साक्षी!”

टाळ्या पडल्या. सोफ्यावरूनही पडल्या. मग बापूंचा मॅनेजर चंद्रप्रकाश याने विमलाला पुढे आणलं. विमला म्हणजे नंदू रिक्षावाल्याची बायको. नंदू बापूंची शपथ घेऊन महिन्याभराने कुणाच्या तरी हळदीत दोन क्वार्टर प्यायला, लालबुंद झाला, ओकला, श्वास लागला आणि मांडवातच आडवा झाला. त्याची बायको दर रविवारी या स्टेजवर उभी केली जायची. तिने काही बोलायचं नसायचं. नुसतं पांढऱ्या कपाळाने उभं राहायचं.

“शपथ मोडली, आईने नेला,” बापू म्हणाले. “अनंता, तुला तर आई अजून फक्त थोपटतेय!”

अनंताने वळून खाली बायकोकडे पाहिलं. नमिताने नजर खाली घातली. तेवढ्या एका नजरेने जे तुटायचं ते तुटलं.

आता या अनंताची दारू कशी सुटली ते सांगतो, कारण बापूंच्या पुस्तिकेत ते वेगळं छापलंय. सात महिन्यांपूर्वी तो पिऊन बोटीवरून खाडीत पडला. सोबतच्या खलाशांनी केसाला धरून वर ओढला. दोन दिवस घरात कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी उरलेली बाटली बंदरावर नेऊन त्याने स्वतःच्या हाताने पाण्यात ओतली. ना शपथ, ना आई, ना बापू. त्यानंतर त्याने शिवली नाही. संध्याकाळी हात थरथरायचे, तेव्हा जाळं विणत बसायचा. हे त्याचं स्वतःचं होतं. त्याच्या अख्ख्या आयुष्यात त्याने कमावलेली सगळ्यात मोठी गोष्ट होती ती.

पण घरच्या बाईच्या पोटात भीती असते. पाहुण्या आल्या, म्हणाल्या, “बाय, आता सोडली, पण शिमगा आला का परत धरल. पक्कं करून घे.” नमिता पक्कं करायला बापूंकडे गेली. पुडी मिळाली. राखाडी अंगारा, रोज चिमूटभर जेवणात. दोन अटी. नवऱ्याला कळता कामा नये, कळलं की गुण जातो. आणि डॉक्टरकडे जायचं नाही, आई रुसते. अटी कशा हुशार असतात बघा. पहिली अट गुन्हा लपवते, दुसरी अट पुरावा.

आणि पंजा उठायला लागला.

तिसऱ्या पंजानंतर बापूंनी फ्लेक्स लावले. अंधेरीपासून खारपर्यंत अनंताची पाठ लोंबू लागली. खाली त्याच्या तोंडाचा फोटो आणि ओळ: ‘आईपासून लपणार कुठे?’ बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान, म्हणाला, “अनंता, पिऊन माझ्या बोटीवं चढायचा नाय. घरी ऱ्हा.” मुलीला शाळेत पोरं पंजा दाखवून चिडवायला लागली. अनंता घरात झोपेनासा झाला. बंदरावर उलट्या टाकलेल्या जुन्या होडीच्या सावलीत पडून राहायचा. नमिता डबा घेऊन जायची, आणि डब्यात पुडी असायचीच.

“किती पितोस ते तरी खरं सांग,” ती म्हणाली.

“एक थेंब नाय.”

“मग पाठीवं काय भूत चाटून गेलं?”

अनंता हसला. ते हसू तिला आवडलं नाही. “सात महिने मी रोज मेलो, नमे. कोणाला कळलं नाय. नाय पिऊन बी बेवडाच ना मी? मग पिऊनच बेवडा होतो. परवा होळी हाय. होळीच्या आधी, उद्याच बाटली घेऊन बसतो, एकदम झकास. तुमची आई पण खूश, बापू पण खूश.”

“पी! जीव दे!” असं म्हणून ती डबा आपटून निघून आली. बाई रागात असं बोलते. तिला कुठे ठाऊक होतं, की त्या डब्यासोबत ते वाक्य खरं होऊ शकतं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, माधुरी बोंबील घ्यायला आली. माधुरी जवळच्या दवाखान्यात नर्स, राहायला भांडुपला. ड्युटी सुटली की नमिताच्या पाटीपाशी टेकायची आणि मगच घरी जायची. आठ वर्षांची ओळख, भावावरून भांडणाची.

“आज तोंड का बंद? मासळी शिळी आहे वाटतं,” माधुरी म्हणाली.

“मासळी ताजी हाय. नशीब शिळं हाय.” आणि नमिताने सगळं ओकून टाकलं.

माधुरीने फ्लेक्स पाहिला होता. तिने तिच्या सवयीप्रमाणे प्रश्न विचारायला सुरुवात केली, नर्स विचारते तसे, भराभर.

“हे पुरळ फक्त पाठीवर?”

“पाठीवं पंजा. मग गांधी अंगभर. कान लाल, छाती धडधडते बोलतो.”

“कधी?”

“रविवारीच. बापूंकडं गेलो का.”

“काही औषध चालू आहे का त्याला?”

“नाय.”

“एक पण गोळी, चूर्ण, काढा?”

“नाय बोलले ना! ठणठणीत हाय.”

“घरात दारू आहे?”

“थेंब नाय. कुणी आणली तर मी त्याचा कोयत्याने तुकडा करीन.” आणि तिने खरंच कोयता उचलून बोंबलाचं डोकं उडवलं.

माधुरी तिच्या हाताकडे बघत राहिली. नमिताच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं शेवटचं पेर नाही. लग्नाच्या आधी, आईच्या पाटीवर सुरमई कापताना कोयत्याखाली गेलं. आठ वर्षं माधुरी तो हात बघत होती, पण आज तिला दुसरीकडे कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला.

तिने फोन काढला. फ्लेक्सचा फोटो शोधला, दोन बोटांनी मोठा केला.

“नमिता, हात धू. आणि इथे ये.”

“आता कशाला? गिऱ्हाईक हाय.”

“ये म्हणते ना!”

फोनवर अनंताची पाठ होती. पंजाचं मधलं बोट बाजूच्या दोन्ही बोटांपेक्षा आखूड होतं, टोकाला चौकोनी. माधुरीने नमिताचा हात त्याच्या शेजारी धरला. तळव्यावर अंगठ्याखाली जुनी चीर होती. पाठीवरच्या पंजातही तिथे पांढरी रेघ होती.

“तुमच्या देवीआईचं पेर पण कोयत्याने गेलंय का गं?”

नमिताने बोट फोटोवर ठेवलं. “ही... ही माझी बोटं हायत. पण मी मारलं नाय गं त्याला! कधी हात नाय उचलला!”

“मारलं नाहीस. मग पाठीला हात कधी लावतेस?”

“महिन्याभरापासून उसण भरते ना त्याला, जाळं ओढून. शनिवारी बोट येते, रविवारी सकाळी मी दाबून देते. आमच्यात उसण चोळत नाय, दाबतात. हात भिजवायचा आणि जागेवं दाबून धरायचा, गरम लागंपर्यंत.”

“हात कशात भिजवायचा?”

“कापूर घातलेल्या गावठीत.”

माधुरीने डोळे मिटले. “आत्ता म्हणालीस घरात थेंब नाही.”

“ती दारू नाय! ती चोळायची हाय. ट्रंकेत कुलपात असते. ती कोण पितंय?”

“आणि जेवणात काय घालतेस?”

“काय नाय. अंगारा तेवढा.”

“मघाशी म्हणालीस, औषध नाही.”

“अंगारा काय औषध हाय?”

बघा, साहेब. बाई एकदाही खोटं बोलली नाही. बाटलीतली दारू तिच्या हिशेबी औषध होती, म्हणून दारूत मोजली नाही. पुडीतलं औषध तिच्या हिशेबी अंगारा होता, म्हणून औषधात मोजलं नाही. दांड्यात घरोघरी अशी एक कापराची बाटली असते आणि कुणीही तिला दारू म्हणत नाही. बापूंना हे माहीत नव्हतं. त्यांना फक्त लाल झालेली तोंडं हवी होती. हा पंजा त्यांना फुकटात लागलेली लॉटरी होती.

माधुरीने पाटीपाशी बसकण मारली आणि सोपं करून सांगितलं. दारू पोटात गेली की शरीर तिला दोन पायऱ्यांनी उतरवतं. पहिल्या पायरीवर तिचं विष होतं. दुसऱ्या पायरीवर ते विष मोडून निघून जातं. एक गोळी असते, डायसल्फिराम नावाची. ती दुसरी पायरीच काढून टाकते. मग विष अंगात साठतं. तोंड लाल, अंगावर चट्टे, छातीत धडधड, ओकारी, आणि जास्त प्यायला असेल तर रक्तदाब कोसळतो. माणूस जातो. कातडीला नुसती लागली तरी काहींना तिथे लाल उठतं. गोळी वाईट नाही. डॉक्टर देतात ती, पण तपासून, समजावून, पिणाऱ्याला सांगून, त्याची कबुली घेऊन. चोरून कधीच नाही.

“पुडीत तीच आहे हे तपासल्याशिवाय मी शपथेवर सांगणार नाही,” माधुरी म्हणाली. “पण माझं मन सांगतंय.”

“तुमचं बरं हाय, माधुरी. तुम्हा बौद्धांत देवच नाय.”

“देव नाही म्हणून बापू येत नाहीत असं नाही गं. आमच्या भांडुपच्या गल्लीतही पुड्या फिरतात. माझ्या आजोबांनी दारू सोडली ती प्रतिज्ञा घेऊन, डोळे उघडे ठेवून. कुणी त्यांच्या भाजीत कालवली नव्हती.”

नमिता ऐकत नव्हती. तिला विमलाचं पांढरं कपाळ दिसत होतं. “म्हणजे नंदू...” ती म्हणाली. आणि मग दुसरं आठवलं. “माधुरी! तो आज बाटली घेऊन बसणार बोलला होता!”

पाटी तशीच टाकून ती बंदराकडे धावली. खारदांड्याच्या कोळणीने पाटी टाकून धावणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला कळतं.

अनंता होडीच्या सावलीत बसला होता. समोर क्वार्टर. सील तोडलेलं, बूच अजून वर ठेवलेलं. तो बाटलीकडे बघत होता. नमिताने झडप घालून बाटली उचलली आणि खडकावर आपटली.

“काय गं ए! वेड लागलं काय?”

“मी घातली!” ती धापा टाकत म्हणाली. “पुडी. बापूची. तुझ्या कालवणात, डब्यात. चार महिने. तुझ्या अंगात औषध हाय. ही प्यायला असतास तर नंदूसारखा गेला असतास. आणि तो पंजा आईचा नाय रे. माझा हाय. हा बघ.”

तिने हात पुढे केला. अनंता त्या आखूड बोटाकडे बघत राहिला. तिला वाटलं तो रडेल, नाहीतर जवळ घेईल. सिनेमात घेतात. अनंता उभा राहिला आणि दोन पावलं मागे सरला.

“चार महिने माझ्या ताटात?”

“तुझ्यासाठीच...”

“मना विचारलंस?”

तिने हात मागे घेतला.

“कुत्र्याला गोळी देतात गं अशी, पावात लपवून. मी माणूस हाय.”

“चुकलं माझं. वाट लावली मी. मारायचं तर मार.”

“मारून काय होणार? तू मना इथं सांगतेस, खेकड्यांसमोर. पाठ माझी अंधेरीपर्यंत टांगली हाय. जिथं टाळ्या वाजल्या, तिथं सांग.”

रविवारी नमिताने कापराची बाटली कमरेला खोचली आणि हॉल गाठला. सोबत अनंता आणि माधुरी, माधुरीच्या पिशवीत रक्तदाब मोजायचं यंत्र. अनंताच्या पाठीवर त्या दिवशी काही नव्हतं. त्या सकाळी तिने उसण दाबली नव्हती.

चंद्रप्रकाशने अनंताला स्टेजवर घेतलं, शर्ट काढला. पाठ कोरी.

बापू म्हणजे धंद्यात मुरलेला माणूस. “बघा! एका फ्लेक्सने सुधारला! आईची...”

“थांब रे ए बापू!” नमिता स्टेजवर चढली होती. “परवापरवापर्यंत माझा नवरा बेवडा होता, आज साधू झाला? हा बघ तुझ्या आईचा पंजा.” तिने उजवा हात उंच केला. मागच्या पडद्यावर अनंताच्या पाठीचा मोठा फोटो लावलेलाच होता. ती फोटोपाशी गेली आणि हात त्याच्याखाली धरला. “बोटं मोजा. मधलं आखूड. माझं बी मधलं आखूड. दांड्याचा कोयता लागलाय त्याला. चार महिने मीच त्याच्या जेवणात चोरून पुडी घातली, आणि ह्या कापराच्या गावठीत भिजवलेला हात पाठीवं दाबला.”

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी म्हणालं, “च्यायला, सेम आहे!”

बापूंनी डोळे मिटले. “बेटी, आईने तुझ्याच हाताने काम करून घेतलं. ती माध्यम निवडते.”

भोंदूला उत्तर कमी पडत नाही, साहेब. खरं बोलणाऱ्याला शब्द शोधावे लागतात, खोटं बोलणाऱ्याला ते पाठ असतात. म्हणूनच त्याच्याशी नुसता वाद घालायचा नसतो. परीक्षा घ्यायची असते.

“बरं,” नमिता म्हणाली. “मग आता आणखी दोघांना माध्यम करते. राजेशभाऊ, वर या.”

राजेश म्हणजे जोगेश्वरीचाच वायरमन, बापूंचा पोस्टरवरचा भक्त. दोन महिने थेंब न शिवलेला, छाती पुढे काढून चालणारा. तो आला. त्याची बायको खालून हळूच म्हणाली, पुडी रोज देते मी. मग नमिता चंद्रप्रकाशकडे वळली.

“आणि तुम्ही, मॅनेजरसाहेब. तुम्ही घेता ना आईचा अंगारा?”

“रोज! सकाळ-संध्याकाळ!” चंद्रप्रकाश माइकवर म्हणाला. सहाशे लोकांसमोर दुसरं काय म्हणणार?

“थेंबभरच, मनगटावर,” माधुरीने बजावलं. “आणि मी इथे उभी आहे.”

नमिताने कापूस कमरेच्या बाटलीतल्या गावठीत भिजवला. एक ठिपका राजेशच्या मनगटावर, एक चंद्रप्रकाशच्या. कापूस दाबून धरला. “आता सगळे गप बसा आणि घड्याळ बघा. बापू, तुमचं सोन्याचं हाय, तुम्ही बघा.”

पाच मिनिटं काही झालं नाही. बापूंनी एक भजन सुरू केलं, कुणी साथ दिली नाही. मग राजेश मनगट खाजवायला लागला. पंधराव्या मिनिटाला कापूस काढला, तर तिथे रुपयाएवढा लाल डाग, कडा फुगलेल्या. चंद्रप्रकाशचं मनगट कोरं. बाळाच्या गालासारखं.

“मी प्यायलो नाही!” राजेश ओरडला. घामाघूम झाला होता. “आईशप्पथ, मी प्यायलो नाही!”

“ठाऊक हाय भाऊ,” अनंता म्हणाला. “मी बी नव्हतो.”

“चंद्रप्रकाशचं शरीर शुद्ध आहे, म्हणून...” बापू सुरू झाले.

“शुद्ध नाय, उपाशी हाय!” नमिता कडाडली. “तुमचा अंगारा त्याने कधी जिभेला लावला नाय! दुकानदार आपली शिळी मासळी आपण खात नाय, मना विचारा! आणा तुमचा हात, बापू. महिनाभर पुडी खा आमच्यासमोर, मग मी तुमची बी उसण दाबते!”

बापूंनी दोन्ही हात धोतरात घेतले. हॉल आधी हसला. मग हसू थांबलं आणि एकेक पुरुष उठायला लागला. मान वर करून. “माझ्या पण तोंडावर उठलं होतं, मी पण प्यायलो नव्हतो, खोकल्याचं औषध घेतलं होतं.” “माझं दाढीनंतरचं लोशन होतं.” एक म्हणाला, “मी मात्र प्यायलो होतो हां, खोटं कशाला बोलू,” आणि त्याच्या बायकोने त्याला खाली ओढला.

त्या रविवारीही तुम्ही फेटा बांधून आला होतात; सोफ्याकडे कुणीतरी पाहिलं. सोफा रिकामा होता, साहेब. फेटा मात्र तिथेच राहिला होता.

गोंधळात विमला माधुरीजवळ आली. तिचा आवाज या हॉलमध्ये पहिल्यांदाच कुणी ऐकला.

“सिस्टर, मी वरणात घालायचे. जास्त गुण यावा म्हणून दोन-दोन चिमूट. मग त्यांना... मी मारलं का?”

माधुरीला सगळ्या प्रश्नांची उत्तरं येत होती. या एका प्रश्नाला तिने नुसता विमलाचा हात धरला. मग म्हणाली, “तुला कुणी सांगितलंच नव्हतं गं.” विमलाने मान हलवली. ते उत्तर तिला पुरलं नाही. कुणालाही पुरू नये.

पुडीचा अहवाल तीन आठवड्यांनी आला. राखेत तेच औषध होतं, कुटून, कमीजास्त, हाताला येईल तसं मिसळलेलं. अहवाल, राजेशसह एकवीस माणसांच्या सह्या आणि फ्लेक्सचा फोटो, एवढं घेऊन ही माणसं तुमच्या केबिनमध्ये आली होती. तुम्ही चहा पाजलात. म्हणालात, “लोकांच्या भावना असतात. आणि काही झालं तरी माणसं दारू सोडतायत ना?”

नाही, साहेब. दारू माणूस सोडतो. अनंताने सोडली, कुणाच्याही पुडीशिवाय, थरथरत्या हाताने. तुमच्या बापूने त्या माणसाची कमाई चोरली, त्याला चोर ठरवलं आणि परत बाटलीपुढे नेऊन बसवलं. होळीला तो प्यायला नाही. बोटीवर परत गेला. पण अजून घरी जेवायला बसला की तो ताट पुढे करत नाही. उठतो, टोपाचं झाकण काढतो, कालवणाचा वास घेतो आणि स्वतःच्या हाताने वाढून घेतो. नमिता बघते आणि पळी त्याच्याकडे सरकवते. ती पुडी अजून अशी त्या घरात आहे.

वाचणाऱ्या बायांनो आणि बाबांनो, अंगावर काही उठलं तर आधी विचारा: काय खाल्लं, काय प्यालं, काय लावलं? ज्याला तुम्ही औषध म्हणत नाही तेही मोजा, ज्याला दारू म्हणत नाही तीही मोजा. जी पुडी लपवून द्यायला सांगतात ती देऊ नका. आणि एवढं वाचून घाईने काही करू नका. ज्याला अशी पुडी दिली गेलीय, त्याला आजच सांगा. पुडी थांबवली तरी औषध दोन-दोन आठवडे अंगात राहतं. त्याला डॉक्टरकडे न्या. पिण्याचं व्यसन हा आजार आहे, त्याला इलाज आहे, तो उजेडात होतो.

राहिले तुम्ही, साहेब. जादूटोण्याविरुद्ध कायदा या राज्यात कधीचा झालाय, औषधांचा त्याहून जुना आहे. बापूंनी जोगेश्वरी सोडली. आता मुलुंडला नवा हॉल, नवा फ्लेक्स, कुणा दुसऱ्याची पाठ. तुमच्या टेबलावर विमलाचा अर्ज पडून आहे. तिने तो शेजारच्या मुलीकडून लिहून घेतला आणि खाली स्वतःच्या हाताने सही केली. मजकूर एकाच ओळीचा आहे: ‘माझ्या नवऱ्याला कुणी मारले, मी की बापूने, हे कृपया लेखी कळवावे.’

कळवा, साहेब.